नमुन्याची खोली

ज्या सकाळी ते म्हातारं जोडपं टेम्पोत संसार भरून कारखान्याच्या दारात उतरलं, त्या सकाळी मिस्त्रीला कळलं की आपली बायको लोकांना फसवत होती.

बायको जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. रात्री बोलता बोलता झोपली आणि सकाळी उठलीच नाही. तिच्या उशीचा अभ्रा त्याने अजून बदलला नव्हता. कोणी दारात आलं की सांत्वनाचे दोन शब्द बोलायला आलं असेल असं समजून तो हातातलं काम खाली ठेवायचा. त्या सकाळीही त्याने रंधा बाजूला ठेवला, स्टुलावरचा भुसा फुंकला आणि म्हणाला, "या, बसा. झालं ते वाईट झालं."

"काय झालं?" म्हातारीने विचारलं.

"म्हणजे... ही गेली ना."

"कुठे गेली?"

ते शब्द बोलायची मिस्त्रीला अजून सवय झाली नव्हती. त्याने नुसतंच वर बघितलं.

म्हातारा मटकन स्टुलावर बसला. जन्मभर पोस्टात पत्रं वाटलेला माणूस, चालून चालून गुडघे गेलेले. म्हातारी मात्र उभीच राहिली. तिचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. तिने ते पुसले, नाक ओढलं आणि म्हणाली, "आणि आमची खोली?"

"कुठली खोली?"

"संस्थेची. आज ताबा मिळायचा होता. इथून संस्थेची गाडी आम्हाला न्यायला येणार होती. आमचं घर विकून झालंय. टेम्पोवाला खोळंबलाय बाहेर."

मिस्त्रीला वाटलं, बायकोच्या जाण्याने काहीतरी निरोप द्यायचा राहिला असेल. म्हाताऱ्याने खिशातून संस्थेचा नंबर काढून दिला. मिस्त्रीने आपल्या फोनवरून तो लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली, आणि त्याच वेळी वरही कुठेतरी वाजायला लागली. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मिस्त्रीचं घर होतं. तिघांनीही माना वर केल्या.

मिस्त्री जिना चढून गेला. आवाज बायकोच्या कपाटामागून येत होता. तिथे एक लहानसा बटणांचा फोन चार्जरला लावलेला होता. त्याच्यावर मिस्त्रीचाच नंबर दिसत होता. नाव नाही, नुसता नंबर.

तो खाली आला तेव्हा म्हाताऱ्याने त्याचा चेहरा बघितला आणि काही विचारलं नाही. म्हातारीने मात्र विचारलं.

"म्हणजे संस्था तुमच्या घरातच होती?"

"मला माहीत नव्हतं, काकू."

"हो तर! बायको तुमची, कपाट तुमचं, फोन तुमच्या विजेवर चाललेला. आणि माहीत मात्र नव्हतं!"

कारखान्याच्या मागच्या अंगाला पूर्वी लाकूड रचलेलं असायचं, तिथे मिस्त्रीने एक खोली उभी केली होती. बायकोने त्याला सांगितलं होतं, शहराबाहेर एक संस्था म्हाताऱ्या माणसांसाठी घर बांधतेय, त्यांनी नमुना मागितलाय, पसंत पडला तर सगळ्या खोल्यांचं काम आपल्याला. वर म्हणाली होती, "गिऱ्हाइकाचं म्हणून करू नकोस. आपण दोघं म्हातारे झालो की आपल्याला कशी लागेल, तशी कर."

झालं. मिस्त्रीला याहून जास्त काही सांगायची गरज नव्हती. भिंती प्लायच्याच, पण आतून हात लावला तर कळणार नाही अशा. पलंग इतक्या उंचीचा, की उठताना गुडघ्यांनी कुरकुर करू नये. कपाटाची दारं नुसत्या मुठीने उघडतील अशी, कारण म्हातारपणी बोटं वाकतात. उंबरठा नाही. आणि खोलीभर, भिंतीच्या कडेने, कमरेएवढ्या उंचीवर एक लाकडी दांडी. तिच्यावरून हात सरकवत पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाता यायचं आणि कुठे सांधा लागायचा नाही. खिडकीमागे दुधी काच आणि दिवा होता. न्हाणीघरात नळ होते, पण त्यांना पाणी नव्हतं. नमुन्याला पाणी कशाला?

बायको म्हाताऱ्या माणसांना ही खोली बघायला आणायची. ती माणसं पलंगावर बसायची, दांडीवरून हात फिरवायची आणि जाताना मिस्त्रीला म्हणायची, "हात आहे हो तुम्हाला." त्याला वाटायचं, ही संस्थेत राहायला येणारी माणसं. ती राहायला येणारीच होती, फक्त संस्था नव्हती. प्रत्येकाला बायको एक चावी द्यायची आणि त्या दाराला लावून बघायला सांगायची. "लागली ना? अगदी अस्संच कुलूप तुमच्या खोलीला." चावी फिरली की माणसाचा विश्वास बसायचा. कुलूप एक आणि चाव्या गावभर, असा तो प्रकार होता.

म्हातारी काठी आपटत मागे गेली. काठी तिला टेकायला लागत नव्हती, धाक दाखवायला लागायची. तिने आपली चावी लावली. दार उघडलं.

"अहो, उठा. सामान घ्या आत."

"अगं, पण ही नुसती नमुन्याची..."

"पलंग आहे? आहे. कपाट आहे? आहे. चावी लागली? लागली. मग नमुना कसला! त्या टेम्पोवाल्याला सांगा, आण म्हणावं आत."

मिस्त्री अंगापिंडाने मोठा. दारात आडवा उभा राहिला असता तर विषय तिथेच संपला असता. पण गादी वाकडी आत शिरताना त्याने बघितली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "उभी धरा, उभी. कोपरा लागेल दाराला."

असे ते दोघं राहायला आले.

*

बातमीला पाय फुटले. ज्यांच्याकडे चाव्या होत्या ते सगळे कारखान्यात येऊन गेले. कोणी रडलं, कोणी ओरडलं, काहींनी पोलिसांत तक्रार दिली. कोणी मिस्त्रीच्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. सांत्वनाला येणारी माणसं तर एकदम बंदच झाली. समोरच्या काचवाल्याने रस्ता ओलांडून येणं सोडलं. अर्धं झालेलं एक टेबल गिऱ्हाइकाने "राहू द्या" म्हणून कळवलं. गल्लीत एकच सूर लागला होता. नवरा-बायको एकाच माळेचे मणी. खाताना दोघं, आणि निस्तरायची वेळ आली की ती एकटी? तीसुद्धा मेल्यावर?

एका सकाळी दारावर खडूने मोठ्या अक्षरात 'चोर' लिहिलेलं होतं. मिस्त्रीने रंधा आणला आणि येणारे-जाणारे बघत असताना सावकाश दाराला रंधा मारला. काचवाला लांबूनच म्हणाला, "खडू आहे, फडक्याने पुसला असता तरी गेला असता."

"दार खरखरीत झालंच होतं," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही लिहिलंत म्हणून लक्षात आलं."

"मी नाही लिहिलं!"

"मग तुम्ही कशाला एवढे घाबरलात? माहीत नव्हतं असं म्हणणाऱ्यावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही."

काचवाला आत गेला.

खोलीतल्या दोघांना पाण्यासाठी जिना चढून मिस्त्रीच्या घरी यावं लागे. म्हातारा ओशाळून यायचा, "येऊ का" म्हणून विचारायचा. म्हातारी विचारत नसे. ती आपल्याच घरात शिरल्यासारखी शिरायची आणि बादली भरेपर्यंत मिस्त्रीची उलटतपासणी घ्यायची.

"परगावी जायची का कधी?"

"जायची. संस्थेच्या कामाला म्हणून."

"सोबत कधी गेला नाहीत?"

"इथलं काम कोण करणार?"

"सोयीचं होतं म्हणा की."

एकदा तिला दिसलं की तो उजवा हात सांभाळून धरतोय. लाकडाची कूस तळव्यात शिरून आत मोडली होती. उजव्या हातातली कूस डाव्या हाताने काढता येत नाही. इतकी वर्षं ती बायकोच काढायची.

"इकडे आणा हात," म्हातारी म्हणाली. ती सुई घेऊन आली, त्याला खिडकीशी बसवलं आणि कोरायला लागली. मिस्त्रीने दात आवळले.

"एक सांगा, मिस्त्री. फळी नुसती ठोकून बघितली की आतून पोकळ आहे का ते तुम्हाला कळतं ना?"

"कळतं."

"मग जन्म काढला त्या बाईबरोबर, ती नाही कळली?"

"फळीला ठोकता येतं, काकू. बायकोला ठोकत नाहीत."

म्हातारीला हसू आलं. ते तिने दाबलं आणि सुई जरा जास्तच खोल घातली. "जिभेला हाड नाही तुमच्या. निघाली बघा, ही एवढी होती." तिने कूस त्याच्या बोटावर ठेवली. "पण म्हणून तुम्ही निर्दोष आहात असं मी म्हटलेलं नाही."

"मी तरी कुठे तुम्हाला विचारायला आलोय?"

"येणारही नाही तुम्ही. मिजास आहे."

मिजास होती की काय होतं, ते मिस्त्रीलाही सांगता आलं नसतं. एवढं मात्र खरं, की काम करताना त्याला आता एकेक गोष्ट उमगत होती. संस्थेचं काम कधी सुरू होणार, असं त्याने बायकोला विचारलं होतं. एकदा नाही, बऱ्याच वेळा. दर वेळी ती म्हणायची, "होईल रे. पण मला सांग, त्या कपाटाच्या बिजागऱ्या आवाज नाही का करणार?" की हा बिजागरीत शिरायचा आणि संस्था राहून जायची. बिजागरी दाखवली की आपला नवरा जग विसरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोकांना ती आधी "जागाच शिल्लक नाही हो" म्हणायची आणि मग ते हाता-पाया पडायचे. प्रत्येकाचं दार वेगळं होतं आणि प्रत्येकाची चावी तिच्याकडे होती.

हे त्याला कळलं, आणि तरी रात्री उशीकडे हात गेला की त्याला तिची आठवणच यायची, राग यायचा नाही. राग आला असता तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं.

*

लेक आणि जावई परगावाहून आले. जावई वकील. माणूस वाईट नव्हता, पण घरात शिरतानासुद्धा न्यायालयात शिरल्यासारखा शिरायचा.

"बाबा, शुक्रवारी तुमचा जबाब आहे. मी तो लिहूनच आणलाय. मुद्दा एकच. तिने तुम्हालाही फसवलं. ती तशीच बाई होती, तुमचा तिच्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता, आणि आज तुम्ही त्या सगळ्याचा निषेध करता. एवढं म्हटलंत की कारखाना वाचतो. नाही म्हटलंत, तर तो गुन्ह्याचं साधन म्हणून जप्त होऊ शकतो. नमुना तिथेच होता ना!"

"आणि खालची माणसं?"

"त्यांना आधी बाहेर काढा. ती आत राहिली म्हणजे तुम्ही जबाबदारी मान्य केली असा अर्थ निघतो. मी आत्ताच बघितलं, त्यांच्या दाराला आतून नवी कडी लावलीये. कोणी लावली?"

"मी."

"बाबा!" जावयाने कपाळावर हात मारला. "का?"

"काल त्या चावीवाल्यांपैकी एक शिंपी आला आणि आपली चावी लावून थेट आत शिरला. काकू झोपल्या होत्या. त्यांनी चप्पल फेकून मारली. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीला आतून कडी नको? नमुन्यात राहिली होती ती. चूक होती माझी."

"'चूक माझी' हे शब्द शुक्रवारी तोंडातून काढू नका, एवढं करा."

 लेक आईच्या कपाटासमोर उभी होती आणि तिने कपाट उघडलं नव्हतं. "बाबा, लोक माझ्या ऑफिसात मला विचारतात, तुझी आई तीच का? तुम्ही एकदा स्पष्ट सांगून टाका ना. तुम्हाला माहीत नव्हतं, हे खरंच आहे की."

"ते सांगणारच आहे."

"आणि तिने तुम्हाला फसवलं, हेही खरं आहे."

मिस्त्री उठला. तो खाली गेला आणि फळी कापायला घेतली, म्हणजे बोलणं पुढे चालवायची सोय उरली नाही.

गुरुवारी फसलेली सगळी माणसं कारखान्यात जमली. लाकडांवर, ओंडक्यांवर, जागा मिळेल तिथे बसली. त्यांचा म्होरक्या तो शिंपी. दुकान विकून त्याने खोली घेतली होती. ज्याला चप्पल बसली होती तो हाच. पलंगावर बसून ऐकायचा मान म्हातारीने घेतला होता, दार सताड उघडं ठेवून.

"मिस्त्री, सरळ विचारतो," शिंपी म्हणाला. "तुम्ही तिच्या बरोबरीने होता, हे उद्या कबूल करा. म्हणजे कारखान्यावर आमचा हक्क लागतो. थोडंफार तरी हाती येईल. ती मेली, तिला काय फरक पडणार? आणि तुम्हाला तरी काय? मागे-पुढे कोण आहे?"

"लेक आहे."

"आम्हालाही लेकरं आहेत. आमच्या तोंडाकडे बघत नाहीत आता. म्हणतात, एवढे केस पांढरे झाले आणि एका बाईने टोपी घातली."

"तुमचं वाईट झालं," मिस्त्री म्हणाला. "ते माझ्या बायकोने केलं. हे मी उद्या सांगीन, परवाही सांगीन. तुम्ही म्हणाल त्या चौकात सांगीन. पण मी बरोबरीने होतो असं सांगणार नाही, कारण मी नव्हतो."

"कानावर हात ठेवणं सोपं असतं!"

"सोपं? माझा जावई वर कागद घेऊन बसलाय. त्यावर सही केली, तिला शिव्या घातल्या आणि या दोघांना रस्त्यावर काढलं की मी सुटलो. सोपं ते आहे. तेही मी करणार नाही."

"मग करणार काय तुम्ही?" मागून एक जण ओरडला. "ना इकडे ना तिकडे!"

"इथेच," मिस्त्री म्हणाला. "कारखान्यात. काम करणार."

गोंगाट झाला. कोणी म्हणालं, चोर ते चोर आणि वर शिरजोर. कोणी म्हणालं, आत्ताच्या आत्ता ती खोली मोडून टाका, तिनेच आम्हाला भुलवलं. तिघं-चौघं खरंच उठले. तेव्हा म्हातारीने काठी जमिनीवर आपटली.

"हात लावून बघा दांडीला! राहतोय आम्ही इथे. फसवलं त्या बाईने, खोलीने नाही. खोली बोलल्याप्रमाणे आहे."

"काकू, तुम्हीच तर म्हणत होता, यालाही माहीत होतं म्हणून," शिंपी म्हणाला.

"म्हणत होते. अजून म्हणते. पण त्याच्याशी भांडायचं ते मी भांडीन. माझा कोणी लागत नाही तो, मी त्याची कोणी लागत नाही. तुम्ही तुमची भांडणं आपापल्या घरी..." आणि तिला आठवलं की समोरच्यांपैकी अनेकांना घरच उरलेलं नाही. ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बसा. चहा टाकते. पाणी वरून आणावं लागेल, कोणीतरी बादली धरा."

बादली शिंप्याने धरली.

*

शुक्रवारी तपास करणाऱ्या पोलीस साहेबांच्या खोलीत पंखा नुसताच आवाज करत होता. मिस्त्रीचं अर्धं लक्ष त्याच्याकडे होतं. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला लेक. साहेब वयाने तरुण, बोलायला सभ्य.

"तुमची पत्नी काय करायची, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"संशय?"

"नाही."

"म्हणजे तिने तुम्हालाही फसवलं, असं लिहू?"

"तसं लिहू नका."

जावयाने टेबलाखालून पायावर पाय दाबला.

"पाय का दाबताय, जावईबापू?" मिस्त्री मोठ्याने म्हणाला. साहेबांनी मान खाली घातली, हसू लपवायला असेल.

"तुमच्याच फायद्याचं आहे ते," साहेब म्हणाले. "नीट विचार करा. तुम्ही फसलेल्यांपैकी एक ठरता."

"साहेब, त्या लोकांची घरं गेली. त्यांना तिने फसवलं, ते लिहा. मला माहीत नव्हतं, तेही लिहा. दोन्ही खरं आहे. पण ती माझ्याशी खोटं बोलली, ते आमच्या दोघांतलं आहे. ते तिला मी विचारीन, किंवा नाही विचारणार. त्याला तुमच्याकडे कलम नाही."

"पण ती आता नाहीये."

"म्हणूनच. ती असती तर तिच्या समोर बोललो असतो. आता ती नाही तेव्हा इथे बसून तिला वाईट म्हणायचं, आणि त्या बदल्यात कारखाना घ्यायचा. हा सौदा झाला. सौदे ती करायची. मला येत नाहीत."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "आणि गुन्ह्यातला तुमचा वाटा? ती खोली तुम्हीच बांधली. तिच्यावर भुलून लोकांनी पैसे दिले."

"खोलीत खोट काढून दाखवा. कुठे सांधा उघडा पडलाय, कुठे फळी हलकी वापरलीये, ते दाखवा. तेवढ्याचा वाटा मी घेतो. चांगलं काम केलं म्हणून माझ्यावर गुन्हा लागत असेल तर लावा, पण मी मान खाली घालणार नाही. आणि नवरा होतो म्हणून लावत असाल, तर तेही लिहा. होतो नवरा. आहे."

जावई खिडकीबाहेर बघत होता. साहेब बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, न्यायालयाचं काय ठरेल ते सांगता येत नाही, तोवर कारखाना विकायचा नाही आणि खोली जागची हलवायची नाही.

"हलवू कशी?" मिस्त्री म्हणाला. "आत माणसं आहेत."

बाहेर आल्यावर जावई एवढंच म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण केलंत, बाबा." पण लेक थांबली. ती रडत होती आणि चिडलेलीही होती.

"तुमच्या दोघांतलं म्हणे! बाबा, ती माझ्याशीही खोटं बोलायची. माझ्या लग्नात तिने जे काही दिलं, ते कोणाचं होतं? मी ते घालून फिरले. मग मी कुठे जाऊन सांगू? तुम्ही तिच्या बाजूने उभे राहिलात. माझ्या बाजूने कोण?"

मिस्त्रीला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. तिच्या बाजूने उभा नाही राहिलो, तिच्या जागी उभा राहिलो, कारण ती उभी राहू शकत नव्हती. असं काहीतरी. पण शब्द सापडेपर्यंत लेक गाडीत बसली होती आणि काच वर गेली होती.

*

तो परत आला तेव्हा म्हातारा उन्हात बसून झोपला होता. म्हातारी खोलीच्या दारात पाय पसरून बसली होती.

"काय सांगून आलात?"

त्याने सांगितलं. काही गाळलं नाही.

"म्हणजे कबूल काहीच केलं नाहीत."

"नाही."

"मीही काही मागे घेतलेलं नाही, सांगून ठेवते."

"नका घेऊ."

तो कामाला वळला. रंधा हातात घेतला तेवढ्यात ती मागून म्हणाली, "माझ्या पायाची नखं कापून द्यायची ती."

मिस्त्री थांबला.

"मला वाकता येत नाही. ह्यांना दिसत नाही. सून कापत नाही, आणि तिला सांगायची मला लाज. ही पहिल्यांदा आली तेव्हा खोलीबद्दल चकार शब्द काढला नाही. माझे पाय मांडीवर घेतले आणि नखं कापली. गरम पाण्यात आधी भिजवून. नंतर दर वेळी कापायची. घर विकलं त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा कापून गेली. पैसे तर मिळणारच होते तेव्हा, गरज काय होती?" तिचा आवाज चढला. "आता बघा, वाढलीत. मला तिचा राग येतो, मिस्त्री, असा राग येतो की दात ओठ खावेत. आणि नखं बघितली की ती आठवते. हे कसलं फसवणं?"

"मला नाही माहीत, काकू."

"तुम्हाला कधीच काही माहीत नसतं!"

"नसतं," मिस्त्री म्हणाला. "म्हणूनच मी जे माहीत आहे तेवढंच बोलतो."

तो वर गेला. बायकोच्या कपाटाजवळ उभा राहिला, मग ते उघडलं आणि शोधलं. बायको ज्या मोठ्या कात्रीने नखं कापायची ती एका पिशवीत होती, पिशवीत एक टॉवेलही होता. त्याने पाणी गरम केलं. खाली आला, बुटकं स्टूल ओढलं आणि घमेलं म्हातारीच्या पायांशी ठेवलं.

"हे काय?"

"पाय बुडवा."

"लोक बघतील."

"बघू देत. त्यांना काय म्हणायचं ते म्हणून झालंय."

म्हातारीने पाय पाण्यात घातले. समोरचा काचवाला खरंच बघत होता. मिस्त्रीने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, तशी त्याने मान वळवली. पाणी कोमट होईपर्यंत त्याने वाट पाहिली. मग त्याने तिचा पाय टॉवेलवर घेतला. नख जाड होतं, जुन्या लाकडासारखं, आणि एका झटक्यात कापलं तर चिरणारं. तो कडेपासून थोडं थोडं घेत गेला.

"दुखलं तर सांगा."

"ती असं विचारायची नाही. तिला कळायचं."

"मला कळत नाही. म्हणून विचारतोय."

"बरं," म्हातारी म्हणाली. "नाही दुखत."

एक पाय झाला, दुसराही झाला. त्याने पाणी रस्त्याकडेला ओतलं आणि पिशवी खोलीतल्या कपाटात ठेवून दिली. संध्याकाळी शिंपी आला. या वेळी त्याने दार वाजवलं. राहायला अशी एखादी आणखी खोली बसेल का इथे, असं त्याने भिंतीकडे बघत विचारलं. मिस्त्रीने माप घेतलं. बसेल, म्हणाला. पण गुन्हा मान्य करून नाही, आणि उपकार म्हणूनही नाही. लाकूड आहे, जागा आहे, म्हणून.

न्यायालयाची तारीख अजून लागलेली नाही. लेकीला फोन करायचा राहिला आहे.